नानांनी पास केलेली गाडी

त्या वर्षी नवरात्राच्या आधी आमच्या ओट्यावर गाडीचे सहा आर्म पडलेले असायचे, आणि झेंडूच्या पाट्या आत-बाहेर करताना आईचा पाय हटकून त्यातल्या एखाद्यावर पडायचा. आर्म म्हणजे पुढचं चाक आणि गाडीचा सांगाडा यांना धरून ठेवणारा दांडा. प्रत्येक चाकाला एक खाली, एक वर. आमचा सगळा घोळ वरच्याचा होता. तीन तऱ्हा आणि प्रत्येकीची जोडी, म्हणून सहा. आई त्यांना माझ्या भावावरून ‘संज्याची हाडकं’ म्हणायची. "उचल रे तुझी हाडकं, मला सारवायचंय," ही तिची हाक सकाळी पहिली ऐकू यायची, मग मळ्यातल्या मोटारीची घरघर, आणि उन्हं वर आली की ओझरकडून उठणारी विमानं. विमान डोक्यावरून गेलं की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि नाना जिथं असतील तिथून मान वर करायचे. आवाजावरून ते विमानाची तब्येत सांगायचे आणि आम्ही ती मुकाट्यानं खरी मानायचो.

नाना म्हणजे माझे वडील. आडगावात आमचा दोन एकरांचा मळा, झेंडू आणि पालेभाजीचा, पण तो खऱ्या अर्थानं आईचा. नानांचं आयुष्य ओझरच्या विमानांच्या कारखान्यात गेलं, तपासनीस म्हणून. दुसऱ्यानं बसवलेलं नीट बसलंय की नाही हे बघायचं आणि शिक्का मारायचा, एवढंच काम. पण या कामानं माणूस घरात किती छळू शकतो हे आम्हाला विचारा. आईनं लोणच्याच्या बरणीचं झाकण लावलं की नाना ते तपासणार. मी दाराला कडी घातली की ते ओढून बघणार. त्यांचा एक नियम आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता: ज्यानं आवळलं, त्यानं पास करायचं नाही. स्वतःच्या हातावर माणूस आंधळा विश्वास ठेवतो, म्हणून बघणारा दुसरा पाहिजे. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, तरी ‘पास’ आणि ‘रिजेक्ट’ हे दोन शब्द दिवसातून पन्नासदा घरात यायचे. वांग्याची भाजीसुद्धा त्यातून सुटायची नाही.

माझा भाऊ संजय, म्हणजे दादा, आग्रा रोडला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवायचा. देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कर्नलसाहेबांकडे एक विलायती गाडी होती. दोन सीटांची, उघड्या टपाची, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी वर्षानुवर्षं उभी. साहेब देहरादूनला मुलाकडे निघाले तेव्हा त्यांनी ती दादाला दिली. त्यांच्या बाकीच्या गाड्या दादानं वर्षानुवर्षं जिवापाड सांभाळल्या होत्या, त्याचं ते बक्षीस. दादानं वर्षभर तिच्यात जीव ओतला. मग तिच्या स्प्रिंगा कापून तिला खाली बसवलं. गाडी जेवढी खाली, तेवढी वळणावर चिकटून जाते, असं त्याचं म्हणणं. आई एकदाच तिच्यात बसली आणि म्हणाली, "पाटावर बसून रस्त्यानं घसरत गेल्यावानी वाटतं." खाली बसवल्यावर खरं दुखणं सुरू झालं. पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकली, नुकत्या जन्मलेल्या वासराचे पाय फाकतात तशी. टायर आतल्या कडेनं महिनाभरात खरवडून निघाले, आणि ब्रेक दाबला की गाडी आपल्या मनानं बाजूला जायची.

यावर उपाय एकच, वरचा आर्म बदलायचा. असा आर्म पाहिजे की त्याची लांबी कमी-जास्त करता येईल. तो लांब केला की चाकाचं डोकं बाहेर ढकललं जातं आणि चाक सरळ उभं राहतं. किती सरळ, ते दादा गवंड्याच्या ओळंब्यानं मोजायचा. बाजारात त्या गाडीला असलं काही मिळत नव्हतं. आणि घाई होती. दसऱ्याच्या दिवशी पेठ रोडच्या सावळघाटात नाशिकच्या मोटारवेड्यांनी शर्यत ठेवली होती, एकेक गाडी घड्याळ लावून घाट चढवायची. पुण्याहून शर्यतीच्या गाड्यांची टीम चालवणारा एक गृहस्थ ती बघायला येणार होता आणि दादाचं काम आवडलं तर त्याला बरोबर घेणार होता. दादानं ही गोष्ट मला तीन वेळा सांगितली, प्रत्येक वेळी सहज आठवल्यासारखी. नानांनी अडवलं नाही. त्यांनी फक्त अट घातली, की गाडी ते स्वतः पास करतील आणि मगच ती घाटात जाईल.

आर्मांची निवड नानांनी ओट्यावर बसून केली, आणि ती मला आजही जशीच्या तशी दिसते. पहिली जोडी दादाची लाडकी. कोइंबतूरहून मागवलेली, आरशागत चकचकीत, दोन्ही टोकांना रबराऐवजी पोलादी गोळा. नानांनी अंगणातली चिमूटभर माती त्या गोळ्यावर टाकली, आर्म माझ्या कानाशी धरला आणि हलवला. आत करकर वाजलं. "आपले रस्ते कसे हायेत?" एवढंच त्यांनी दादाला विचारलं. दुसरी जोडी म्हणजे जुनाच आर्म मधून कापून, आटे पाडलेला तुकडा घालून पुन्हा जोडलेला. नानांनी त्यावर हातोडीनं हळूच टिचक्या मारल्या, कान देऊन ऐकलं, वेल्डिंगवाल्याची तारीफ केली आणि आर्म बाजूला ठेवला. ज्याच्यावर माणसाचा जीव आहे तो दांडा कापून जोडायचा नसतो, म्हणाले. तिसरी जोडी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या युसूफभाईंनी लेथवर नवीन घडवली होती. जाड नळी, तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मधली नळी पान्यानं फिरवली की दोन्ही टोकं एकदम बाहेर येतात किंवा आत जातात, आणि पाहिजे तिथं आल्यावर दोन्हीकडचे चेकनट आवळून नळी जाम करायची. दिसायला ती जोडी अगदी गावंढळ होती. नानांनी ती बराच वेळ मांडीवर घेऊन चाचपली आणि युसूफभाईंना एकच बदल सांगितला, नळीला दोन्ही टोकांशी एकेक बारीक आरपार भोक पाडायचं. युसूफभाईंनी विचारलं, "नाना, चांगल्या नळीला छेद कशापायी?" नाना म्हणाले, ते साक्षीचं भोक. त्यात पिन घालायची. पिन आत अडली तर आटे पुरेसे आत आहेत. पिन आरपार गेली तर आर्म जास्त ओढलाय, दोन-चार आट्यांवर लोंबतोय, कधीही निसटेल.

तेव्हा एक गोष्ट फक्त माझ्या लक्षात येत होती. या सगळ्या परीक्षेत नानांनी डोळ्यांनी काहीच बघितलं नव्हतं. कान, बोटं, हातोडी.

श्रावणापासून ते मला पेपर मोठ्यानं वाचायला लावत होते. कारण काय, तर माझे उच्चार सुधारावेत. माझे उच्चार चांगलेच होते, कॉलेजात वक्तृत्वाला बक्षीस मिळालं होतं. मग नांदगावला चुलतबहिणीचा साखरपुडा झाला. नाना हात जोडून, हसून पुढं गेले आणि मंडपवाल्याला व्याही समजून "प्रवास बरा झाला का?" विचारून बसले. पोरं फिदीफिदी हसली. नानांनाही हसता आलं असतं, पण ते हसले नाहीत. न जेवता उठले, आणि मी त्यांच्याबरोबर एस्टीनं परत आले. मनमाड मागं पडल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नंदे, कडेचं सगळं काळं दिसतंय. मधलं तेवढं दिसतंय, तेही धूसर. घरात बोलू नको." मी बरं म्हटलं. ज्या माणसानं आयुष्यभर फक्त बघण्याचं काम केलं, त्याला दिसत नाही हे चारचौघांत कळणं म्हणजे काय, हे वीस वर्षांच्या मलाही समजत होतं. आता माझाच चष्मा जाड झालाय, आणि त्यांनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज किती सपाट होता हे मला अलीकडे जास्त आठवतं.

युसूफभाईंचे आर्म नवरात्राच्या सातव्या माळेला बसले. दादानं चेकनट आवळले. नानांनी पिन घातली, ती चारी ठिकाणी अडली. मग कारखान्याची पद्धत आली. आवळलेल्या नटावरून नळीवर लाल रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. रेघ ओढायला नानांनी ब्रश माझ्या हातात दिला. "तरुण हात पाहिजे," म्हणाले. चारही रेघा मी ओढल्या, श्वास धरून, आणि उजव्या चाकाच्या आतल्या नटावर माझा हात जरा हलला म्हणून तिथं रेघेला नटाच्या बाजूला एक छोटं शेपूट आलं. दादानं त्यावरून माझी टिंगल केली.

नवव्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं एकूणएक हत्यार धुऊन-पुसून पाटावर मांडतात. खुरपी, विळे, नानांची हातोडी, दादाच्या गॅरेजातले सगळे पाने. हळद-कुंकू, झेंडू, गुळाचा नैवेद्य. एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईस्तोवर हत्याराला हात लावायचा नाही, मग आभाळ कोसळो. आई नऊ दिवसांच्या उपासानं आधीच तापलेली असायची आणि झेंडूची तोड ऐन जोरात, तिच्याशी या बाबतीत बोलायची कुणाची छाती नव्हती. दादा दुपारी गाडी फिरवून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी पडवीत माळा ओवत होते. काय झालं विचारलं तर "काय नाय" म्हणाला आणि गाडीमागं गेला. मी पुन्हा सुईत दोरा घातला.

दसऱ्याची सकाळ फार देखणी होती, आणि घरभर पुऱ्या तळल्याचा वास. अंगणात वीसेक माणसं जमली. शेजारचे, दादाचे मित्र, युसूफभाई नवा सदरा घालून. नानांना तपासायचं म्हणून हत्यारांची उत्तरपूजा होताच पुढची चाकं काढून गाडी ठोकळ्यांवर चढवली होती. तपासणीआधी आईनं गाडीची पूजा उरकली. लिंबू, नारळ, बॉनेटला माळ. मग तिची नजर उघड्या पडलेल्या नव्या आर्मांवर गेली. नवीन वस्तू, आणि ज्यांच्या पायी घर पंधरा दिवस हैराण झालं त्या. तिनं कुंकू पाण्यात कालवलं आणि वाकून चारी नटांवर मनापासून बोटं उठवली. नाना पुढं झाले. कारखान्यातला करडा शर्ट घातला होता, खिशाला पेन. मला म्हणाले, टॉर्च धर. पहिल्या तीन नटांवर मला कुंकवाखाली माझी रेघ दिसली. चौथ्यावर, उजव्या चाकाच्या आतल्या नटावर, नटावरचं शेपूट भलतीकडे गेलेलं होतं. नळीवरची रेघ एका जागी, नटावरची तिथून बोटभर सरकलेली, आणि मधल्या रिकाम्या जागेवर आईच्या ओल्या कुंकवाचा ठसा. लालावर लाल.

नानांनी तोंड अगदी जवळ नेलं. घरात आम्ही दोघंच असतो तर त्यांनी नटाला बोट लावलं असतं, पिन मागितली असती. पण वीस माणसं बघत होती, आणि त्यांना तपासनिसासारखं बघायचं होतं. मला बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की नाना, ते कुंकू आहे. तेवढ्यात ते सरळ झाले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "पास." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. युसूफभाईंनी नारळ फोडला. नानांच्या चेहऱ्यावर नांदगावनंतर पहिल्यांदा तेज आलेलं मी बघितलं, आणि मी टॉर्च विझवला. चाकं चढली. आई म्हणाली, "नंदा, तू बस त्याच्यासंगं. बहीण शेजारी असली का तो हळू चालवतो." मी बसले.

दादाचे मित्र पान्यांची पेटी घेऊन मोटारसायकलींवर पुढं गेले होते. आम्ही दोघंच. पंचवटीतून पेठ नाक्यापर्यंत माळा घातलेल्या रिक्षा, ट्रक, ट्रॅक्टर, सगळा गाव रस्त्यावर, आणि दादा शीळ घालत होता. ती गाडी इतकी खाली होती की बसल्या जागेवरून हात लांबवला तर रस्ता बोटांना लागला असता. मी उजव्या चाकावरच्या मडगार्डाकडे बघत बसले होते. प्रत्येक खड्ड्याला मी पाय आवळायची. मनात म्हणायची, पुढच्या फाट्याला सांगू. फाटा गेला की म्हणायची, नानांनी पास म्हटलंय, एवढ्या वर्षांत त्यांचा शिक्का चुकला नाही, मलाच उजेडात चुकीचं दिसलं असेल. खोटं किती पटकन रचता येतं स्वतःशी! म्हसोबाच्या देवळापाशी एक बाई पोराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती, दादानं ब्रेक दाबला, आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. थोडीशीच. दादाची शीळ थांबली. पण त्यानं गिअर बदलून गाडी पुढं काढली, आणि मी पुन्हा मडगार्डाकडे बघत बसले. मला घाटातली वळणं दिसत होती, डाव्या हाताची दरी दिसत होती, आणि त्याच वेळी नानांचा करडा शर्ट. दोन्हीतलं एक निवडायचं होतं आणि मी काहीच न निवडता बसले होते.

रामशेजचा डोंगर समोर आला, रस्ता मोकळा झाला आणि दादानं वेग वाढवला. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दादा, थांबव. पुढून आवाज येतोय."

"कसला?"

"खटखट. उजव्या चाकात."

त्यानं लगेच गाडी कडेला बाभळीखाली घेतली. एरवी त्यानं माझी टर उडवली असती. उतरला तो सरळ उजव्या चाकापाशी गेला, मडगार्डाखालून हात आत घातला, आणि तसाच उकिडवा बसून राहिला. मी वाकून बघितलं. चेकनट त्याच्या दोन बोटांत गरगर फिरत होता.

मग त्यानं सगळं सांगितलं. नवमीला दुपारी, कापलेली स्प्रिंग आणखी दबून, उजवं चाक पुन्हा आत झुकलेलं त्याला दिसलं होतं. पाने सगळे पूजेत. डिकीत एक लहान स्क्रूपाना तेवढा पूजेतून सुटलेला सापडला. त्यानं दोन्हीकडचे नट सैल केले, नळी फिरवून चाक सरळ केलं; बाहेरचा नट पुन्हा रेघेला रेघ जुळून बसला, पण अडचणीतला आतला नट त्या पान्यानं नीट आवळला जाईना. म्हटलं, सकाळी नाना बघतीलच. रेघ तुटलेली दिसली की ते ओरडतील, मग मोठा पाना घेऊन आवळू, आणि आईच्या हत्यारांचा नियमही मोडायचा नाही. सकाळी नाना पास म्हणाले तेव्हा त्याला वाटलं, आपणच घट्ट केला असणार. त्याचा स्वतःच्या हातावर नव्हता इतका विश्वास नानांच्या डोळ्यांवर होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नानांनी कसं सोडलं गं? नाना असं सोडत नाहीत."

"नानांना दिसत नाही, दादा."

मी नांदगावचं सांगितलं, पेपरचं सांगितलं. अंगणातलं सांगितलं नाही. तो दगडानं माती उकरत बसला. मग उठला आणि म्हणाला की स्क्रूपान्यानं जेवढं होईल तेवढं घट्ट करू, जोर लावू, पुण्याचा माणूस येऊन बसला असेल. मी ओढणीची पिन काढली आणि साक्षीच्या भोकात घातली. पिन आरपार गेली. पलीकडून तिचं टोक माझ्या बोटाला टोचलं. म्हणजे नट घट्ट करूनही उपयोग नव्हता. त्यानं चाक सरळ करण्याच्या नादात आर्म मर्यादेबाहेर ओढला होता.

दादा म्हणाला, "मी हळू चालवीन."

"घाटात तू हळू चालवशील?"

"मग आर्म आत घेतो. चाक झुकलं तर झुकलं."

"घे आत. पण मी पास करत नाही. घरापर्यंत फक्त."

"तू कोण पास करणारी?" असं तो म्हणाला खरा, पण त्याचा आवाज चढला नाही. नियम त्यालाही पाठ होता. आवळणारा तो होता, आणि त्या माळावर दुसरं माणूस मीच. त्यानं आर्म पिन अडेपर्यंत आत घेतला, नट जमतील तसे आवळले, आणि गाडी नाशिककडे वळवली. चाक वासराच्या पायासारखं झुकलेलं. आडगाव येईपर्यंत दादानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि उघड्या गाडीत वाऱ्यानं डोळे भरतात असं समजायला मला काही हरकत नव्हती.

घरी काय सांगायचं हे आम्ही फाटकाशी ठरवलं. शर्यत पुढं ढकलली. आईनं देवापुढं साखर ठेवली. नाना "अस्सं" म्हणाले आणि श्रीखंड-पुरी जेवले. पण आम्ही दोघंही खोटं बोलण्यात कच्चे. संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागले, ओटा भरला, आणि दादाचे मित्र मोटारसायकलींवरून थेट अंगणात आले. एकानं आल्या आल्या विचारलं, की संजू, अरे कुठं राहिलास, तुझं नाव तीनदा पुकारलं, पुण्यावाला किती वेळ वाट बघत होता. नानांनी हातातली आपट्याची पानं खाली ठेवली.

"संजू," ते म्हणाले, "काय झालं होतं?"

दादानं सगळं स्वतःवर घेतलं. मी नट सैल ठेवला होता, मी आर्म जास्त ओढला होता, रस्त्यात नंदाला आवाज आला, तिनं पिन घालून बघितलं, म्हणून परत आलो. नानांचं नावही त्यानं घेतलं नाही. नाना ऐकत राहिले. मग भिंतीला हात लावून उभे राहिले.

"सैल तू ठेवला," ते म्हणाले, "पण पास मी केला." आणि ओट्यावरच्या सगळ्यांकडे, निदान त्यांना जिथं माणसं वाटत होती तिकडे, तोंड करून म्हणाले, "मंडळी, मला दिसत नाही. चार महिने झाले. मला सकाळी रेघ दिसली नव्हती, नुसतं लाल दिसलं. मी लाजेपायी पास म्हणालो. आज माझा पोरगा जिवंत हाय तो या पोरीमुळं. तिला रस्त्यात शंका आली, तिनं गाडी थांबवली. तपासनीस असा पाहिजे."

युसूफभाई उठले आणि त्यांनी नानांना मिठी मारली. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मग सगळे माझ्याकडे वळले, बायांनी माझ्या हातात सोनं दिलं, कुणी पाठ थोपटली, आणि मी मान खाली घालून घेत राहिले. लोकांना तो विनय वाटला.

नानांचा तो काचबिंदू होता. गेलेली नजर परत आली नाही, उरलेली बरीच वर्षं टिकली. पुण्याचा माणूस पुन्हा आला नाही, आणि दादा आजही आग्रा रोडला गॅरेज चालवतो. त्याच्या हाताखालची गाडी शेडबाहेर निघण्याआधी दुसरं कुणीतरी तपासतं. नाना जाईपर्यंत घरातली प्रत्येक गोष्ट मला पास करायला लावत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दसऱ्याची गोष्ट सांगत. दादा तर माझ्या मुलांनाही सांगतो, की तुमच्या आईचे कान लय तिखट, मला इंजिनाच्या आवाजात काही कळलं नव्हतं आणि हिनं नटाची खटखट ऐकली. मुलं कौतुकानं बघतात, मी विषय बदलते. नाना गेले, आई गेली. अंगणात माझ्या हातात टॉर्च होता आणि मी सगळं बघितलं होतं, हे मी दोघांनाही सांगितलं नाही. दादालाही नाही. तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल. गाडीतून कसलाही आवाज येत नव्हता.